विश्रांतीतील नाडी, दमसासाच्या खेळाडूंची

सकाळी जाग आल्यावर, अंथरूण सोडण्याआधी, एका मिनिटात हृदयाचे जेवढे ठोके पडतात ती विश्रांतीतील नाडी. प्रौढ माणसात ती साधारणपणे ६० ते १०० असते. लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू, पोहणारे आणि वल्हेकरी यांच्यात मात्र ४० ते ६० हा रोजचा आकडा असतो. काही अव्वल खेळाडूंची नाडी चाळिशीच्याही खाली उतरते. ६० च्या खालच्या गतीला डॉक्टर ब्रॅडिकार्डिया म्हणतात. नाव आजाराचे वाटले, तरी निरोगी खेळाडूत ती हृदयाने सरावातून मिळवलेली सवड असते.

हिशेब सोपा आहे. स्वस्थ पडलेल्या शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुरते. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर ७० ठोके लागतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, डावा कप्पा मोठा व लवचीक होतो आणि एका ठोक्यात १०० मिलिलिटर रक्त जाऊ लागते. मग तेच काम पन्नासेक ठोक्यांत उरकते. खेळाडूचे हृदय मोठे असते हे स्वीडनच्या उप्सालामध्ये हेन्शेन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये दाखवले. स्की-धावपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून त्यांनी हृदयाचा आकार ओळखला होता.

गती नेमकी कशाने उतरते, यावर अजून वाद आहे. हृदयाला मोकळे सोडले तर त्याचे मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके पडतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात, तिथे हे स्पष्ट दिसते. एरवी मेंदूकडून येणारी व्हेगस चेता त्याला लगाम घालते. सरावाने हा लगाम घट्ट होतो, असे बरीच वर्षे शिकवले गेले. पण औषधांनी वेग वाढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या अशा दोन्ही चेतांचा परिणाम थांबवला, तरी खेळाडूचे हृदय इतरांपेक्षा सावकाशच चालते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, व्यायामाने ठोक्याची सुरुवात करणाऱ्या गाठीतल्या पेशींतच बदल झालेले आढळले. लगाम आणि घोडा दोन्ही बदलतात, असे मानणे आज अधिक रास्त वाटते.

नाडीच्या अभ्यासात म्हैसूरला एक वेगळे स्थान आहे. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने योगगुरू टी. कृष्णमाचार्य १९३३ पासून जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. पुढे पुण्यात स्थायिक झालेले बी. के. एस. अय्यंगार आणि म्हैसूरलाच राहिलेले पट्टाभि जोइस हे त्यांचे शिष्य. १९३५ साली तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ हृदयाचा विद्युतालेख काढणारे हलवता येईल असे यंत्र घेऊन भारतात आली. योगी हृदय थांबवू शकतात का, हे तिला पाहायचे होते. तिने तपासलेल्यांत कृष्णमाचार्य होते. मनगटावरची नाडी नाहीशी झाली, आलेखातल्या लाटाही अगदी बारीक झाल्या, आणि हृदय जवळजवळ थांबल्याची बातमी जगभर गेली.

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची या संशोधकांनी हा दावा पुन्हा तपासला. दिल्लीचे शरीरक्रियातज्ज्ञ बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. कृष्णमाचार्य तेव्हा मद्रासला होते, वय सत्तरीकडे झुकलेले, तरी त्यांनी प्रयोग करून दाखवला. श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. ठोका पडतो, पण इतका रिता की मनगटापर्यंत लाट पोचत नाही. आलेखावर मात्र हृदय चालूच होते. यात कृष्णमाचार्यांची योग्यता तसूभरही कमी होत नाही. शरीरावर एवढा ताबा मिळवायला आयुष्य द्यावे लागते. मात्र मनगटावरची नाडी म्हणजे हृदय नव्हे, हा धडा त्या प्रयोगाने कायमचा दिला, आणि मनगटी घड्याळावर विसंबणाऱ्या आजच्या धावपटूला तो तितकाच लागू आहे. घड्याळ त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा प्रकाशाने मोजते. पट्टा सैल असेल, हात गार असेल, किंवा मध्येच एखादा ठोका वेळेआधी आणि रिता पडला, तर ते चुकते.

म्हणून बोटांनी मोजण्याची सवय सोडू नये. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या हाडालगत तर्जनी आणि मध्यमा हलकेच टेकवावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत मंद नाडीला चालत नाही. एक ठोका चुकला की चारांचा फरक पडतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजावे. मिनिटाला ४० ठोके म्हणजे दोन ठोक्यांत दीड सेकंद. पहिल्यांदा मोजणाऱ्याला एवढ्यात नाडी हरवली असे वाटते, तो बोट सरकवतो आणि तेवढ्यात पुढचा ठोका निसटतो. बोट तिथेच ठेवावे. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात, हे चांगल्या दमाच्या माणसात अधिक जाणवते. हा दोष नव्हे. मोजणी कॉफीच्या आधी करावी. म्हैसूरच्या घरांत सकाळच्या फिल्टर कॉफीला उशीर चालत नाही, तरी एवढे एक मिनिट थांबावे.

आपल्या वैद्यांची नाडीपरीक्षा वेगळी. तीत आकड्यापेक्षा नाडीची चाल पाहतात. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने वाताच्या नाडीला सर्पाची, पित्ताच्या नाडीला बेडकाची आणि कफाच्या नाडीला हंसाची उपमा दिली आहे. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

आकड्याचा अर्थ लावताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे शेजाऱ्याशी तुलना. फिरायला जाणाऱ्यांच्या गटात कोणाची नाडी ४८ आणि कोणाची ५६ यावर चुरस लागते. तिला काही अर्थ नाही. आनुवंशिकता, वय, औषधे, स्त्री की पुरुष, अशा कितीतरी गोष्टी त्यात असतात. सारखाच सराव केलेल्या दोघांत दहा ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि कमी नाडीवाला पुढे धावेलच असे नाही. तुलना करावी ती स्वतःच्या कालच्या आकड्याशी. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून आपली पातळी कळते. तिच्यापेक्षा सलग काही दिवस पाच-सात ठोके जास्त दिसले, तर झोप, पाणी, ऊन, ताप किंवा सरावाचा अतिरेक यांपैकी काहीतरी बिघडले आहे. तापात अंशामागे साधारण दहा ठोके वाढतात. विषमज्वर आणि डेंग्यू यांत मात्र ताप चढूनही नाडी तेवढी वाढत नाही, तेव्हा नाडी ठीक आहे म्हणून ताप अंगावर काढू नये.

धावणाऱ्या मुली आणि बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. सराव चालू असूनही नाडी चढत असेल आणि चढावर दम लागत असेल, तर मुलीला आळशी ठरवण्याआधी तिचे रक्त तपासावे. प्रशिक्षकांनी ही तपासणी हंगामाच्या सुरुवातीलाच करून घेतली पाहिजे.

मंद नाडी प्रत्येक वेळी सरावाचीच असते असेही नाही. थायरॉइडची कमतरता, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ठोका सुरू करणाऱ्या गाठीचा आजार यांतही ती उतरते. खेळाडूंच्या विद्युतालेखाचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये ठरले. त्यांनुसार त्रास नसलेल्या खेळाडूत ३० पर्यंतची गतीही सामान्य धरली जाते. पण चक्कर, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यांपैकी काही असेल तर आकडा कितीही असो, हृदयतज्ज्ञाला दाखवावे. दीर्घकाळच्या कठोर सरावालाही एक किंमत आहे. वासालोपेत या ९० किलोमीटरच्या स्वीडिश स्की-शर्यतीतील पन्नास हजारांहून अधिक स्पर्धकांच्या २०१३ मधील अभ्यासात, जास्त वेळा आणि जास्त वेगाने शर्यत पुरी करणाऱ्यांत हृदयाच्या लयीचे बिघाड अधिक दिसले.

निरोगी मंद हृदयाची खूण श्रमात उमटते. म्हैसूरचे धावपटू सरावाला चामुंडीच्या टेकडीवर जातात. सुमारे हजार पायऱ्या, आणि बऱ्याच वर एका शिळेत कोरलेला नंदी. पायथ्याशी ५० असलेली नाडी चढताना काही मिनिटांतच १५० च्या पुढे जाते आणि नंदीपाशी बसल्यावर मिनिटामिनिटाला खाली येते. आजारी गाठीच्या हृदयाची गती चढावर मागणीइतकी वाढतच नाही, त्यामुळे माणूस पायऱ्यांवर गळून बसतो. हीच परीक्षा डॉक्टर दवाखान्यात ट्रेडमिलवर, छातीला तारा लावून घेतात.