हश पपी

हश पपी : मक्याच्या रवाळ पिठाचा तळलेला गोळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लोरिडा येथे, तो तळलेल्या माशांबरोबर खातात. आकार साधारण लहान लिंबाएवढा. वरून तांबूस, खरखरीत आणि आतून मऊ, जाळीदार.

नावाचा अर्थ ‘गप्प बस, पिल्ला’. मासे तळताना भुंकणाऱ्या कुत्र्यांपुढे पिठाचे तळलेले तुकडे टाकत, त्यावरून हे नाव पडले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा गोड आहे. पण तिच्यामुळे एक माणूस झाकला गेला, याची खंत वाटते. रोमिओ गोव्हन हे दक्षिण कॅरोलायनात गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय आचारी. गुलामी संपल्यावर बॅमबर्गजवळ एडिस्टो नदीच्या काठी ते माशांच्या पंगती घालत आणि त्यांच्या हातची चव घ्यायला बडे राजकारणीही येत. मक्याचे पीठ, पाणी, मीठ व अंडे कालवून, मासे तळलेल्या त्याच कढत चरबीत ते चमच्याचमच्याने सोडत. नदीतल्या रेडहॉर्स माशावरून या पदार्थाला ‘रेडहॉर्स ब्रेड’ म्हणत. गोव्हन 1915 मध्ये वारले. ‘हश पपी’ हे नाव देशभर पसरले ते त्यानंतर. 1958 साली याच नावाने पादत्राणे बाजारात आली आणि आपल्याकडे बहुतेकांना हे नाव ठाऊक आहे ते त्यांच्यामुळेच.

घरी करताना पहिली चूक पिठातच होते. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी, गुळगुळीत पूड म्हणजे मक्याचे सत्त्व. ती येथे चालत नाही. बोटांत चोळल्यावर कण लागेल असे भरड पीठ हवे. दीड कप पिठात अर्धा कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा व एक चमचा मीठ मिसळतात. त्यात एक अंडे, अर्धा कांदा अगदी बारीक चिरून आणि सुमारे कपभर घट्ट, आंबट ताक घालतात. ताकातील आम्लामुळे सोड्यातून वायू सुटतो, जाळी पडते ती त्यानेच. फार फेटल्यास गोळे चिवट होतात. पीठ दहा मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात मक्याचे कण ओल पितात व सैल वाटणारे मिश्रण चमच्यावर ठरू लागते.

तेल 175 ते 185 अंश सेल्सिअस तापलेले असावे. कमी तापल्यास गोळे तेल पितात, जास्त तापल्यास आत कच्चे राहतात. गोळा बुडून वर येतो आणि खालची बाजू फुलली की पुष्कळदा आपणच कूस बदलतो. तळणाऱ्याने झाऱ्याने उगाच ढोसू नये. तीन-चार मिनिटांत तो तयार होतो. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात तो डुकराच्या बार्बेक्यूबरोबर, लांबट आकारात वाढतात. गार झाल्यावर साल मऊ पडते, म्हणून दक्षिणेत घाणा कढईतून थेट पानात येतो.