नदीकाठचं गाव, नाव 'आई'

आज आपण फ्रान्समधल्या एका जुन्या गावाला जाऊ या. गावाचं नाव आई. हो, उच्चार आपल्या आईसारखाच! खाली मार्न नदी, मागे उतारावर द्राक्षबागा. या भागाचं नाव शँपेन. इथली फेसाळणारी वाइन त्याच नावानं जगभर विकली जाते.

वाइन महाग, पण द्राक्षं पिकवणाऱ्याच्या घरात चणचण. १९१० साली पाऊस आणि रोगानं पीक बुडालं. काही व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणत आणि त्यावर शँपेनचंच नाव लावत. सरकारनं या नावाची हद्द ठरवून दिली होती. ती मोडण्याच्या बाजूनं ११ एप्रिल १९११ रोजी सिनेटनं मत दिलं. दुसऱ्याच दिवशी आई गाव पेटलं. व्यापाऱ्यांच्या इमारती जळाल्या, वाइन रस्त्यावर वाहिली, सैन्य आलं.

जाळपोळीनं पोट भरलं नाही. वाट निघाली ती कायद्यानं. कोणत्या गावांची, कोणत्या जातीची द्राक्षं चालतील, हे १९२७ च्या कायद्यानं ठरलं. १९४१ पासून शेतकरी आणि व्यापारी एकाच समितीत बसतात. २०१५ साली तिथल्या द्राक्षउतारांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

आपल्याकडे 'नाशिक व्हॅली वाइन'लाही भौगोलिक मानांकन आहे. गावाचं नाव हीसुद्धा कमाईच असते, बायांनो. मग आपल्या गटाच्या मसाल्याच्या पाकिटावर नाव कुणाचं आहे? पुढच्या बैठकीत एवढं जरूर बघा.