‘पॉश’ शब्दाची व्युत्पत्ती आणि मुंबईच्या जलप्रवासाची आख्यायिका

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावीही नव्या बंगल्याला ‘पॉश’ म्हणण्यासाठी आज कोणाला इंग्रजी यावे लागत नाही. मराठीत ह्या शब्दाने ‘ऐटदार’, ‘उंची’ व ‘श्रीमंती थाटाचा’ ह्या अर्थांच्या मधली जागा पटकावली आहे. त्याच्या उगमाविषयी जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तिचा संबंध मुंबई बंदराशी जोडलेला असल्यामुळे ती येथे विशेष रुजली.

कथा अशी : पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीने हिंदुस्थानात येणारे धनिक इंग्रज जाताना डाव्या व परतताना उजव्या बाजूची खोली घेत. बोट पूर्वेकडे निघाली म्हणजे डावी बाजू उत्तरेस येते व तेथे ऊन कमी लागते, परतीस उलट. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ ह्या शब्दांची आद्याक्षरे म्हणे तिकिटावर जांभळ्या शाईने उमटवीत, व त्यांतूनच ‘पॉश’ झाला.

भूगोल बराचसा जुळतो. पुरावा मात्र जुळत नाही. असा शिक्का असलेले एकही तिकीट उपलब्ध झालेले नाही, व कंपनीच्या कागदपत्रांतही त्या पद्धतीचा मागमूस नाही. कालक्रम तर कथेच्या सरळ विरुद्ध जातो. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला. ‘झोकदार पोशाख’ ह्या अर्थी हा शब्द 1914 च्या सुमारास ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत आढळतो. 1918 मध्ये तो ‘पंच’ साप्ताहिकातील एका व्यंगचित्राच्या संवादात येतो. आणि आद्याक्षरांचे स्पष्टीकरण छापून येते ते 1935 च्या सुमारास. शब्द रूढ झाल्यावर त्याला जन्मकथा चिकटविण्यात आली, हे ह्यावरून उघड होते. शिवाय आद्याक्षरांपासून शब्द घडविण्याची चाल पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्रजीत अगदीच विरळ होती. कथा सुबक आहे, हाच वस्तुतः तिच्याविषयीच्या संशयाचा पहिला आधार मानावयास हवा.

निश्चित व्युत्पत्ती अद्याप सिद्ध नाही. त्यातल्या त्यात सबळ तर्क जिप्सींच्या रोमानी भाषेकडे नेतो. तीत ‘पाश’ म्हणजे अर्धा. त्यावरून इंग्लंडातील चोरट्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्ध्या पेनीचे नाणे, पुढे सामान्यतः पैसा असा अर्थ झाला. त्याच शतकाच्या अखेरीस ‘छानछोकी गृहस्थ’ असाही अर्थ नोंदलेला सापडतो. 1892 मधील ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ ह्या विनोदी पुस्तकात एका ऐटबाज पात्राचे आडनावच पॉश आहे. पैशापासून थाटापर्यंतचा हा दुवा संभाव्य आहे, सिद्ध नव्हे.

ह्या प्रकरणातील एक गमतीचा भाग असा की, कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी 2013 मध्ये झालेल्या कायद्यास भारतीय कार्यालयांत ‘पॉश’ म्हणतात. आगबोटीच्या तिकिटावर कधीच नसलेली आद्याक्षरे येथे खरोखरच शब्द झाली.

रोमानी ही मूळ भारतीय आर्यकुळातील भाषा. तिच्यातील ‘पाश’ शब्दाचा संबंध संस्कृत ‘पार्श्व’ शब्दाशी जोडला जातो, आणि त्याच ‘पार्श्व’ शब्दापासून मराठीचा ‘पाशी’ आला आहे. तर्क खरा ठरल्यास वडनेरचा माणूस ‘माह्यापाशी’ म्हणतो तेव्हा, मुंबईच्या बोटीने न आलेल्या ह्या शब्दाचा एक दूरचा आप्त त्याच्या वऱ्हाडी बोलीत पूर्वीपासूनच नांदत आहे.