तीन मिनिटांत मावलेली कविता

१९३१ साली लंडनच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीतल्या वॉल्टर लेग या पंचविशीतल्या तरुणाने ह्यूगो वुल्फची जर्मन गीते ध्वनिमुद्रित करायचे मनावर घेतले. एक कविता, एक गायक आणि साथीला पियानो, एवढाच त्या गीतांचा संसार. १९०३ साली वारलेल्या या संगीतकाराच्या तबकड्या घेणार कोण, असा कंपनीला प्रश्न पडला. लेगने वर्गणीची शक्कल काढली. पाचशे जणांनी आगाऊ पैसे भरले, तरच मुद्रण करायचे. त्यातले शंभराहून जास्त वर्गणीदार एकट्या जपानमधून मिळाले आणि एलेना गेरहार्ट यांच्या आवाजातला पहिला संच निघाला.

त्याच सुमारास आपल्याकडे, त्याच कंपनीच्या कुत्र्याच्या छापाखाली, मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली. मराठी भावगीताचा प्रारंभ बरेच जण तिथूनच मोजतात. लंडनला वर्गणी गोळा करावी लागली. ‘शीळ’ मात्र घरोघरी पोचली.

दोन्हीकडे हे याच काळात घडले, याला तांत्रिक कारण आहे. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून खणखणीत आवाज लावायचा. हळुवार सूर मेणावर उमटतच नसे आणि पियानोचा नाद पार चिरका होई. मायक्रोफोन आला आणि चार माणसांच्या बैठकीत गावे तसे गाता येऊ लागले. रंगभूमीवरच्या पल्लेदार गायकीला कर्णा कसाबसा पुरत होता. भावगीताला तो कधीच पुरला नसता.

मायक्रोफोनने काय टिपले, ते शूबर्ट या संगीतकाराच्या एका गीतात नेमके ऐकू येते. १८१४ साली, सतराव्या वर्षी, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’मधल्या ग्रेटखेनचे गाणे रचले. ती सूत काततेय. पियानोवादकाचा उजवा हात चरख्यासारखा अखंड गरगरतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते, तशी ती थबकते आणि चरखाही थांबतो. मग एक सूर, जरा थांबून पुन्हा तेच, असा अडखळत तो परत फिरू लागतो. ती अडखळ ऐकू आली नाही, तर अर्धे गीत हातातून गेले. इथे पियानो साथीदार राहत नाही, तो कथेतले पात्र होतो.

भावगीतात असे पात्र घडले नाही, हे मान्य करायला हवे. पेटी बहुतेक वेळा गळ्याच्या मागोमाग चालली. पण शब्दाच्या बाबतीत दोघांची निष्ठा सारखीच. वुल्फने १८८८ साली म्योरिके या कवीच्या ५३ कवितांना चाली लावल्या आणि संग्रहाच्या शीर्षकात कवीचे नाव घातले. आपल्याकडे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन दाखवायचा प्रघात पाडला होता. त्या काव्यगायनाने श्रोत्यांचे कान तयार केले. पुढे गायक गजाननराव वाटव्यांनी गणेशोत्सवात भर रस्त्यावर हजारोंपुढे कविता गायली. नुसती कविता ऐकायला रस्ता भरावा, असे भाग्य व्हिएन्नातही शूबर्टच्या वाट्याला आले नाही.

तीन-सव्वातीन मिनिटांची दहा इंची तबकडी ख्यालाला जाचक होती. ध्रुवपद आणि दोन-तीन कडव्यांच्या कवितेला मात्र ती अगदी मापाची. ‘शीळ’ गाणारे जोशी १९३८ साली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या मुंबईच्या ध्वनिमुद्रण विभागात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पुढची तीनेक दशके त्यांनी दुसऱ्यांचे गळे मायक्रोफोनपुढे आणले.

वुल्फचे ते संच पुढे सीडीवर पुन्हा निघाले. भावगीतांच्या कितीतरी तबकड्या आजही माळ्यावर पडून आहेत. त्या लाखेच्या असतात, हातातून निसटल्या की तुकडेच. घरात अशी एखादी सापडली तर भंगारात देऊ नका आणि जुन्या बोथट सुईखाली वाजवूनही बघू नका. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९०पासून जुन्या तबकड्या जपण्याचे काम करते आहे. तिच्या जाणकारांना आधी ती तबकडी दाखवा.