जगातील पहिले संकेतस्थळ : एका छोट्या प्रकल्पाची गोष्ट

१/ वेब डेव्हलपमेंट शिकू पाहणाऱ्यास पहिला सल्ला मिळतो तो छोटा सरावप्रकल्प हाती घेण्याचा. गंमत अशी की, खुद्द वेबचा जन्मही अशाच एका छोट्या प्रकल्पातून झाला. 🧵

२/ १९८० साली टिम बर्नर्स-ली हे तरुण इंग्रज संगणकतज्ज्ञ सहा महिन्यांच्या करारावर जिनिव्हाजवळील 'सर्न' या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत आले. कोणती माणसे, यंत्रे आणि प्रोग्रॅम एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे ध्यानात राहावे म्हणून त्यांनी 'एन्क्वायर' हा प्रोग्रॅम स्वतःपुरता लिहिला. त्यात एका नोंदीवरून दुसरीवर जाता येत असे.

३/ पुढे सर्नमध्ये परतल्यावर, मार्च १९८९ मध्ये, त्यांनी ही कल्पना विस्ताराने लिहून वरिष्ठ माईक सेंडल यांच्यापुढे ठेवली. कल्पना धूसर आहे, पण उत्साहवर्धक आहे, अशा आशयाचा शेरा सेंडल यांनी मारला. अधिकृत प्रकल्प म्हणून मंजुरी मात्र मिळाली नाही.

४/ मार्ग निघाला तो १९९० मध्ये. 'नेक्स्ट' कंपनीचा नवा संगणक पारखून पाहण्याच्या निमित्ताने सेंडल यांनी त्याची खरेदी होऊ दिली. त्या वर्षअखेरीस त्यावर ब्राउझर आणि सर्व्हर दोन्ही चालू झाले. हाच संगणक सर्व्हर असल्याने, तो बंद करू नये अशी हस्तलिखित चिठ्ठी त्यावर डकवलेली होती!

५/ पहिले पान अगदी साधे होते. त्यात शीर्षक, मजकूर आणि दुवे एवढेच होते, चित्र नव्हते. विषय होता हाच प्रकल्प.

६/ अडचण एकच होती : तो ब्राउझर केवळ नेक्स्ट संगणकावर चाले. तेव्हा निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने, सर्नमध्ये प्रशिक्षणार्थी असताना, निरनिराळ्या संगणकांवर चालेल असा मजकुरी ब्राउझर लिहिला.

७/ तरीही लोकांनी तो वापरावा कशासाठी? उत्तर मिळाले सर्नच्या दूरध्वनी-यादीत. ती मोठ्या मध्यवर्ती संगणकावर होती. बर्न्ड पोलरमन यांच्या साहाय्याने ती वेबवर आली आणि शास्त्रज्ञांना वेबचा रोजचा उपयोग सापडला. भव्य स्वप्नाला पहिला आधार दिला तो एका फोन-यादीने.

८/ ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. हा निर्णय झाला नसता, तर आज घरबसल्या सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले पान लिहिण्याआधी कदाचित परवाना विकत घ्यावा लागला असता.

९/ आजच्या सरावाचा सांगाडाही तोच आहे : एक एचटीएमएल फाइल, तिच्यातून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा आणि आपल्याच संगणकावर चालणारा लहानसा सर्व्हर. विषय मात्र फोन-यादीसारखा, कोणाच्या तरी खऱ्या गरजेचा असावा. वसतिगृहाच्या खाणावळीचे वेळापत्रक किंवा गावच्या वाचनालयाची ग्रंथसूचीही त्यासाठी पुरेशी आहे.