चार लेअरचा पीसीबी : कोणता थर कुठे ठेवायचा, हे नेमकं ठरतं कसं?

जुना वाय-फाय राऊटर उघडला की आत एक हिरवी पट्टी दिसते. त्यावर चिप्स, बारीक रेषा आणि सोल्डरचे ठिपके असतात. हाच प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी. वरून एकसंध दिसणाऱ्या या पट्टीच्या पोटात अनेकदा चिरोट्यासारखे पदर असतात. साध्या अर्डुइनो उनोमध्ये तांब्याचे दोनच थर असतात, वर एक आणि खाली एक. राऊटर, लॅपटॉप, स्मार्टफोन यांच्या बोर्डात मात्र चार, सहा, आठ किंवा त्याहूनही जास्त थर असू शकतात.

या थरांच्या रचनेला स्टॅकअप म्हणतात. बोर्ड नीट चालणार की नाही, हे किती थर आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने लावलेत यावर जास्त अवलंबून असतं. असं का, ते समजून घेऊ.

बोर्डाच्या आत असतं काय?

मध्ये कोअर असतो. काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी यांपासून बनलेली ही कडक पाटी असते. तिच्या दोन्ही बाजूंना तांबं चिकटवलेलं असतं. या साहित्याचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे एफआर-४. कोअरच्या वर-खाली प्रीप्रेग लावतात. तेही तसंच कापड, पण त्यातलं इपॉक्सी अर्धवटच सुकवलेलं असतं. त्यावर तांब्याचा पत्रा ठेवून सगळं गरम प्रेसमध्ये दाबलं की चार लेअरचा बोर्ड तयार होतो.

१.६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या चार लेअर बोर्डात बाहेरचा थर आणि त्याला लागून असलेला आतला थर यांच्यात साधारण ०.२ मिलिमीटर अंतर असतं. आतल्या दोन थरांमध्ये मात्र एक मिलिमीटरहून जास्त. पुढचा सगळा खेळ याच अंतरांचा आहे.

करंट परत कुठून येतो?

रेल्वेला अप लाइन असते, तशी डाउन लाइनही लागते. सर्किटचंही तसंच आहे. चिपमधून निघालेला करंट परत त्याच चिपकडे यावाच लागतो.

कमी फ्रिक्वेन्सीचा करंट सर्वांत कमी रेझिस्टन्सची, म्हणजे बहुतेकदा जवळची वाट धरतो. मेगाहर्ट्झच्या घरात गेलं की गणित बदलतं. तिथे परतीचा करंट सर्वांत कमी इंडक्टन्सची वाट शोधतो आणि ती वाट असते सिग्नलच्या रेषेच्या बरोबर खाली. त्यासाठी तिथे तांब्याचा सलग थर हवा. बहुतेक वेळा हे काम ग्राउंडचा थर करतो.

हा थर दूर असेल किंवा मध्येच कापलेला असेल, तर करंटला वळसा पडतो. जाण्या-येण्याच्या वाटांमध्ये मोठा फेरा तयार होतो. हा फेरा अँटेनासारखा वागतो. तो बाहेर गोंगाट पसरवतो आणि बाहेरचा गोंगाट आतही घेतो.

दोन लेअर बोर्डात सिग्नल आणि ग्राउंड यांच्यात सुमारे १.५ मिलिमीटर अंतर असतं. चार लेअरमध्ये तेच ०.२ मिलिमीटरवर येतं. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या रेषेचा फेरा साधारण सातपट लहान होतो.

चार लेअरमध्ये पर्याय कोणते?

सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल : ही सर्वांत रुळलेली रचना. चिप्सना वीज पोहोचवणं सोपं जातं. पण सिग्नल वरच्या थरातून खालच्या थरात गेला, की त्याच्या शेजारी ग्राउंडऐवजी पॉवरचा थर येतो. परतीच्या करंटला या दोन थरांमध्ये जाण्यासाठी जवळपासच्या कपॅसिटरचा आधार घ्यावा लागतो. तो जवळ नसेल, तर वळसा आलाच.

सिग्नल, ग्राउंड, ग्राउंड, सिग्नल : इथे पॉवरसाठी वेगळा थर नसतो. बाहेरच्या थरांवर जाड रेषा किंवा तांब्याचे पट्टे काढून वीज पोहोचवतात. सिग्नल थर बदलतो तिथे शेजारी ग्राउंड जोडणारं एक छिद्र, म्हणजे व्हाया दिला की परतीची वाट तयार होते. मोजक्याच व्होल्टेजवर चालणाऱ्या बोर्डासाठी हा पर्याय अनेकदा जास्त सोयीचा ठरतो.

ग्राउंड, सिग्नल, सिग्नल, ग्राउंड : सिग्नल आत झाकले जातात, म्हणून हे आकर्षक वाटतं. पण चिप्स बाहेरच बसतात. त्यांच्या पॅडमुळे बाहेरच्या ग्राउंडला जागोजागी खिडक्या पडतात. शिवाय आतली रेषा चुकली, तर तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही अवघड.

सिग्नल, सिग्नल, ग्राउंड, पॉवर : ही टाळावी अशी रचना. सर्वांत वरच्या सिग्नलला लागून ग्राउंड नाही आणि दोन सिग्नल थर एकमेकांना चिकटलेले. एकाचा आवाज दुसऱ्यात शिरायला एवढं पुरतं.

सहा लेअर घेतले की प्रश्न सुटतो का?

आपोआप नाही. सिग्नल, सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल, सिग्नल अशी रचना केली, तर बाहेरचे दोन्ही सिग्नल थर पुन्हा ग्राउंडपासून तुटतात. दोन थरांचे जास्त पैसे मोजूनही चांगल्या चार लेअर बोर्डापेक्षा गोंगाट जास्त होऊ शकतो. त्याऐवजी सिग्नल, ग्राउंड, सिग्नल, सिग्नल, ग्राउंड, सिग्नल असं ठेवलं तर प्रत्येक सिग्नल थराला लागून एक ग्राउंड मिळतो. मधले दोन सिग्नल थर शेजारी येतात, म्हणून त्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात काढतात.

थर नेहमी सम संख्येतच का?

कोअरला मुळातच दोन्ही बाजूंना तांबं असतं आणि वर-खाली पत्रे जोडीनेच वाढवतात. म्हणून तीन लेअरचा बोर्ड सहसा चार लेअरपेक्षा स्वस्त पडत नाही. दुसरं कारण समतोलाचं. मध्यरेषेच्या वर आणि खाली तांबं व जाडी सारखी नसेल, तर प्रेसमधून निघून थंड होताना बोर्ड पापडासारखा वाकतो. वाकलेल्या बोर्डावर चिप्स नीट सोल्डर होत नाहीत.

रेषेची रुंदीही इथेच ठरते

यूएसबीच्या जोडीला ९० ओहम आणि इथरनेटच्या जोडीला १०० ओहम इम्पिडन्स लागतो. वाय-फायच्या अँटेनाकडे जाणारी रेषा सहसा ५० ओहमची असते. एफआर-४ वर ग्राउंड ०.२ मिलिमीटर खाली असेल, तर ५० ओहमसाठी सुमारे ०.३८ मिलिमीटर रुंदी पुरते. तोच ग्राउंड १.५ मिलिमीटर खाली असेल, तर जवळपास ३ मिलिमीटर रुंद पट्टा काढावा लागतो. चिपच्या बारीक पायांपाशी तो मावणार कसा?

म्हणून डिझाइन सुरू करण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून तिचा नेहमीचा स्टॅकअप मागवतात. थरांमधली नेमकी अंतरं त्यात दिलेली असतात. रुंदीचा हिशोब त्यावरून होतो.

चुकलं तर काय होतं?

गंमत म्हणजे चुकीच्या रचनेचा बोर्ड टेबलावर बऱ्याचदा चालतो. अडचण येते ती चाचणीत. बाजारात येण्याआधी अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची, त्या किती रेडिओ गोंगाट करतात याची तपासणी होते. वाहनं आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी अशा चाचण्या पुण्यात एआरएआय या संस्थेत होतात.

तिथे बोर्ड नापास झाला, तर धातूचं झाकण किंवा फेराइट लावून वेळ मारून नेता येते, पण दरवेळी नाही. थरांचा क्रम बदलायचा म्हटलं, की जवळपास सगळ्या रेषा नव्याने काढाव्या लागतात. मग नवा बोर्ड, पुन्हा जोडणी, पुन्हा चाचणी.

थोडक्यात ठरवायचं कसं?

आधी वेगवान सिग्नल कोणते आणि व्होल्टेज किती, याची यादी करायची. घड्याळाची फ्रिक्वेन्सी पाहून भागत नाही, सिग्नल किती झपकन चढतो-उतरतो हेही पाहावं लागतं. एफआर-४ मध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. त्यामुळे एका नॅनोसेकंदात चढणाऱ्या सिग्नलसाठी अडीच सेंटिमीटरची रेषाही लांबच मानतात.

मग प्रत्येक सिग्नल थरापुढे एकच प्रश्न विचारायचा : याच्या लगेच शेजारी सलग ग्राउंड आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर थर वाढवण्याआधी क्रम बदलून पाहायचा. कागदावर क्रम बदलायला पैसे लागत नाहीत.