ज्योत विझली

आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्याचं नाव ज्योत्स्ना. अक्षरं मोजून दोन. पण एका कचेरीच्या दाखल्यावर छापून आलं 'ज्योत्', आणि पुढे प्रश्नचिन्ह. "मी विझले की काय रे?" आत्या म्हणाली.

दोष खोल्यांचा. 1972 च्या सुमारास अमेरिकेत डेनिस रिची यांनी 'सी' भाषा रचली. तिची शिस्त वाड्याच्या मालकासारखी: कुठल्या खोलीत कोण राहणार, ते आधी सांगा. पूर्णांकाला 'इंट', अपूर्णांकाला 'फ्लोट', अक्षराला 'कॅर'. कॅर आठ बिटांची, म्हणजे 256 चिन्हांची सोय. इंग्रजीला निम्मी पुरली. उरलेल्या निम्म्यात 'इस्की' या भारतीय मानकानं (1991) देवनागरीचं बिऱ्हाड बसवलं. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं ते चालवून दाखवलं. तिथं आत्याला दहा कॅर लागत. काना-मात्रेला वेगळी खोली, पाय मोडायलासुद्धा वेगळी!

पुढे साऱ्या जगाच्या लिप्या एकत्र नांदवायची वेळ आली. 1992 साली केन टॉमसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर 'यूटीएफ-8' आखलं. (आमच्याकडे त्या कागदानं टेबल पुसलं असतं.) त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन कॅर. आत्या तिसावर गेली, आणि कचेरीनं नावाला दिले होते वीस. सहा चिन्हं अठरांत बसली; बिचारा 'स' दोन कॅर आत, एक बाहेर, असा दारात अडकला. तेच ते प्रश्नचिन्ह.

हे सगळं मी आत्याला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पण पेन्शन ज्योत्स्नाची आहे. ती ह्या ज्योतला देतील का?"

सध्या आम्ही दोघं अर्ज लिहितोय. हातानं.